सरांना वर जाणारा ग्राफ पाहिजे

मागच्या महिन्यात रात्री अकराच्या सुमारास एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. ‘दादा, मी तुमच्याच कॉलेजचा. मेकॅनिकल, लास्ट इयर. तुमच्या बॅचच्या टर्बो प्रोजेक्टचा रिपोर्ट मिळाला, पण रीडिंगची एक्सेल शीट नाही. असेल तर पाठवा ना. सरांनी आम्हाला तोच विषय दिलाय.’

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डिग्री मेकॅनिकलची आणि पोट आयटीवर, आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचं असंच आहे. त्या रात्री मी जुनी हार्ड डिस्क काढून ती फाईल शोधली. सापडली. तीन शीट, चार ग्राफ, सगळ्या रेषा डावीकडून उजवीकडं छान वर चढलेल्या. विषय, शंभर सीसीच्या मोटरसायकलला टर्बोचार्जर बसवून तिच्या कामगिरीचा अभ्यास. निष्कर्ष, ताकद २५ टक्के जास्त आणि अ‍ॅव्हरेज १५ टक्के जास्त.

त्यातला एकही आकडा आम्ही मोजलेला नव्हता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं गैरसमज नको. छोट्या मोटरसायकलला टर्बो बसवणं हा फालतू विषय नाही. तो अवघड आहे, चांगला आहे, आणि आपल्या रस्त्यांशी इतका जोडलेला आहे की त्यावर धाराशिवच्या पोरांनी खरं काम करायला हवं होतं. आपण त्याचं सोंग केलं. अजून करतोय. आणि त्या सोंगाला पैकीच्या पैकी मार्क देतोय.

आधी हौसेबद्दल. शहरातल्या मित्रांना हा प्रोजेक्ट सांगितला की ते हसतात. ‘स्प्लेंडरला टर्बो? कशाला, स्टंट करायला?’ त्यांच्या डोळ्यांसमोर शंभर सीसीची गाडी म्हणजे डिलिव्हरीवाल्याची गाडी. आमच्याकडं ती घरातल्या बैलजोडीसारखी आहे. भूमकडं, कुंथलगिरीकडं तिच्यावर खव्याचे आणि दुधाचे डबे जातात. सोयाबीन निघालं की मागच्या सीटवर पोतं आडवं पडतं. नवरात्रात नवरा, बायको, दोन लेकरं आणि टाकीवर बसवलेलं तिसरं, असं आख्खं घर तुळजापूरला निघतं. येडशीच्या घाटात किंवा सोलापूरकडून येताना तुळजापूरच्या घाटात ही भरलेली गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर येते, मागून उसाचा ट्रक हॉर्न मारतो, आणि गाडीवाल्याला त्या क्षणी अजून दोन हॉर्सपॉवर पाहिजे असतात. ही मागणी खरी आहे. तिला हसणाऱ्यांनी एकदा तो घाट तसा चढून बघावा.

आता तत्त्व काय आहे? स्प्लेंडरच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला ४९.५ मिलिमीटर. गुणाकार केला की ९७.२ सीसी. एवढ्या डबीत जेवढी हवा मावेल तेवढंच पेट्रोल जळणार आणि तेवढीच ताकद मिळणार, म्हणजे साडेसात-आठ हॉर्सपॉवर. जास्त पाहिजे असेल तर डबी मोठी करा, नाहीतर तीच डबी मिनिटाला जास्त वेळा भरा, नाहीतर त्याच डबीत हवा दाबून कोंबा. हा तिसरा रस्ता. कोंबणारा पंखा इंजिनाच्याच जोरावर फिरवला तर तो सुपरचार्जर, सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम धुरावर फिरवला तर टर्बो. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं याचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. आज आपल्या रस्त्यावरचे ट्रक, जीप, पिकअप, जवळजवळ सगळ्या डिझेल गाड्या त्यावरच चालतात. मग मोटरसायकलनं काय घोडं मारलंय, हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या प्रत्येक पोराला पडतो आणि पडायलाच पाहिजे.

आम्हा चौघांना तो २०१८ मध्ये पडला. म्हणजे खरं सांगायचं तर पडला नाही, यादीतून मिळाला. सरांकडं विषयांची छापील यादी होती, त्यात सातव्या नंबरला हा होता. एकाच्या मामाची २००४ ची स्प्लेंडर होती, दोनदा रिबोअर झालेली. सोलापूरच्या भंगारातून साडेतीन हजाराला टर्बो आणला, डिझेल स्विफ्टचा. तो मुठीत मावतो, म्हणून आम्हाला वाटलं छोटा आहे.

किती छोटा, याचा हिशोब दोन ओळींचा आहे. स्विफ्टचं ते इंजिन १२४८ सीसीचं. ४००० आरपीएमवर ते टर्बोशिवायसुद्धा मिनिटाला २५०० लिटरच्या आसपास हवा ओढेल, टर्बो त्याच्याहून कितीतरी जास्त देतो. आमचं इंजिन ७००० आरपीएमवर जीव काढून २९० लिटर. पवनचक्कीला तोंडानं फुंकर मारण्यातला हा प्रकार. हा हिशोब डिसेंबरपर्यंत आमच्यातल्या कुणी केला नाही. कॉलेजात कुणी विचारलाही नाही. पहिला रिव्ह्यू झाला तेव्हा चर्चा झाली ती रिपोर्टच्या कव्हरचा रंग आणि फॉन्टचा आकार यांच्यावर.

आम्हाला अडवलं ते चाचांनी. चाचांचं गॅरेज पत्र्याचं, एका पेट्रोल पंपाच्या मागं. आम्ही त्यांच्याकडं बेंड पाईप कापून टर्बोला फ्लँज वेल्ड करायला गेलो होतो. चाचांनी टर्बो हातात घेतला, बोटानं पंखा फिरवला, आणि म्हणाले, ‘बसवून देतो, पण चालायचा नाही.’ आम्ही शिकलेली पोरं. एकानं त्यांना बर्नुली का काय ते सांगायला सुरुवात केली. चाचांनी गाडीला किक मारली, माझा हात धरून सायलेन्सरच्या तोंडापुढं नेला.

‘मोज, इंजिनियर साहेब.’

फट. फट. फट.

‘दोन फेऱ्यांत एकदा दम सोडतंय. आणि सोडतं तवा घेत नाही, घेतं तवा सोडत नाही. तुमचा पंखा फिरणार आत्ता, आणि हवा लागणार मागून. तवर ती हवा थांबणार कुठं?’

आम्ही एकमेकांकडं बघितलं. कुणाकडंही उत्तर नव्हतं. चार सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर धूर सोडत असतो तेव्हा दुसरा हवा घेत असतो, म्हणून पंख्याला सतत ढकलणारं कुणीतरी असतं आणि त्याची हवा घेणारंही. एका सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात हा मेळच नाही. पंखा गती घेतो आणि समोरचा व्हॉल्व बंद असतो. व्हॉल्व उघडतो तोवर पंखा मंदावलेला असतो. हा विषयाचा गाभा आहे, आणि तो आम्हाला सातव्या सेमिस्टरला एका आठवी शिकलेल्या माणसानं तळहातावर मोजून दाखवला.

तरी बसवला. टर्बो आणि कार्बोरेटरच्या मधे एक पारदर्शक नळी यू आकारात वाकवून लावली, आत लाल शाई घातलेलं पाणी. हवेचा दाब वाढला तर पाणी बाहेरच्या बाजूला सरकायला हवं. गाडी स्टँडवर, फुल रेस. पाणी इंजिनाकडं सरकलं, चांगलं चार बोटं. म्हणजे टर्बो हवा ढकलत नव्हता, वाटेत आडवा पडला होता, आणि इंजिन त्याच्यातून कशीबशी हवा ओढत होतं. बरं, समजा दाब आला असता तर? साध्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल टाकीतून नुसतं उंचीमुळं उतरतं. ०.३ बार एवढा किरकोळ दाब जरी आला, तरी त्याच्याविरुद्ध पेट्रोल उतरायला टाकी चार मीटर उंच पाहिजे. म्हणजे गाडी रस्त्यावर आणि टाकी माडीवर. मग आम्ही कार्बोरेटर टर्बोच्या आधी घेतला. आता रेस सोडली की टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑईल इंजिनात ओढलं जायला लागलं. डिझेलच्या टर्बोचं सील तसल्या ओढीसाठी बनलेलंच नसतं. गाडीतून निळा धूर असा निघाला की शेजारचा हॉटेलवाला भांडायला आला.

आम्ही शंभर मिलीच्या बाटलीवर गाडी चालवून अ‍ॅव्हरेज काढलं. टर्बोशिवाय ५८. टर्बोसकट ४३. अशी चौदा रीडिंग झाली, चाचांच्या उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर. प्रोजेक्टमध्ये खरा मोजलेला असा तेवढाच ऐवज.

मी ते पान घेऊन सरांकडं गेलो. सर वाईट माणूस नव्हते. त्यांच्याकडं त्या वर्षी अकरा ग्रुप होते, पगार दोन-तीन महिने थकलेला असायचा. त्यांनी पान बघितलं आणि म्हणाले, ‘हे असं दाखवलं तर एक्स्टर्नल विचारतील मग फायदा काय. मागच्या बॅचचा रिपोर्ट बघा आणि त्या लाईनवर आणा.’ मागच्या बॅचचा रिपोर्ट आणला. त्यांचा ग्राफ वर जात होता. त्यांनी तो त्यांच्या आधीच्यांचा घेतला असणार. आम्ही त्यांच्या आकड्यांत इकडं तिकडं दोन टक्के मिसळले. मग अठराशे रुपये भरून तो एका ऑनलाईन जर्नलमध्ये ‘पेपर’ म्हणून छापून आणला. तीन दिवसांत स्वीकारला गेला. चौघांना चार रंगीत सर्टिफिकेट. तोंडी परीक्षेत एक्स्टर्नलनी एकच प्रश्न विचारला, गाडी आणलीय का. आणली होती, पण टर्बो काढून टेबलावर ठेवला होता, शेजारी. छान पुसून.

आता या खोट्यात शास्त्राच्या दृष्टीनं काय खोटं आहे ते बघा, कारण रील बघून टर्बोच्या मागं लागलेल्या पोरांची तिथंच फसगत होते. ताकदही वाढली आणि अ‍ॅव्हरेजही वाढलं, असं एकाच इंजिनावर टर्बो चढवून सहसा होत नाही. हवा जास्त घातली की पेट्रोलही जास्त घालावं लागतं. टर्बोनं इंधन वाचतं ते मोठ्या इंजिनाच्या जागी छोटं टर्बोवालं बसवलं तर. आमच्याकडं इंजिन आधीच सगळ्यात छोटं. त्याच्या जागी अजून छोटं कुठून आणणार?

दुसरी गोष्ट उष्णतेची. हवा दाबली की ती तापते, सायकलच्या पंपाचं बूड गरम होतं तशीच. धाराशिवात मे महिन्यात बाहेर ४० अंश. ती हवा दीडपट दाबली, आणि पंखा ६० टक्के कार्यक्षम धरला (भंगारातल्या टर्बोला हे औदार्यच झालं), तर इंजिनात जाताना ती १०४ अंशांवर जाते. तापलेली हवा विरळ असते. म्हणजे दाब दीडपट करूनही हवेचं वजन वाढतं फक्त सव्वापट. आठ हॉर्सपॉवरचे कागदावर दहा झाले. त्यातही गरम मिश्रण वेळेआधी पेटून इंजिन ठकठक करू नये म्हणून हेडखाली दुसरं पॅकिंग टाकून कॉम्प्रेशन कमी करायचं, म्हणजे टर्बो चढलेला नसताना गाडी आधीपेक्षाही मरगळलेली. आणि एवढं करून जे दहा हॉर्सपॉवर मिळतात, त्याच्यापेक्षा थोडे जास्तच साध्या १२५ सीसीच्या गाडीत शोरूममधून वॉरंटीसकट मिळतात. घाट चढायचा असेल तर पंचवीस सीसी जास्त घ्या, याच्याएवढा स्वस्त टर्बो जगात नाही. आमच्या रिपोर्टचा खरा निष्कर्ष हा एका ओळीचा होता. तो लिहायला दिला असता तर पुढच्या बॅचचे पैसे आणि एक आख्खं वर्ष वाचलं असतं.

रीलमध्ये ‘इलेक्ट्रिक टर्बो’ म्हणून प्लास्टिकचा पंखा विकतात, त्याचंही इथंच मिटवून टाकू. वर सांगितलेली हवा दीडपट दाबायला सुमारे चारशे वॅट लागतात. स्प्लेंडरचा हेडलाईट ३५ वॅटचा. म्हणजे अकरा हेडलाईट एकदम लावल्यासारखं. गाडीची १२ व्होल्ट, तीन अँपिअर-अवरची बॅटरी तेवढा भार कागदावरही पाचेक मिनिटंच ओढेल, प्रत्यक्षात त्याआधीच बसेल. मग तो पंखा इतका वेळ कसा फिरतो? चारशे वॅटचं काम करत नाही म्हणून फिरतो. सायलेन्सरच्या तोंडात घालायची ती टर्बोच्या आवाजाची शिट्टी निदान प्रामाणिक आहे. ती शिट्टीच आहे म्हणून विकतात.

मग जगात हे कुणाला जमलं की नाही? जमलं, आणि ते कसं जमलं हे बघण्यासारखं आहे. १९३९ मध्ये गेओर्ग मायरनं सुपरचार्जर लावलेल्या बीएमडब्ल्यूवर आयल ऑफ मॅनची सिनिअर टीटी शर्यत जिंकली. १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं शर्यतीतून सुपरचार्जिंगच बाद केलं आणि कंपन्यांचा उत्साह गेला. १९८२ ते १९८४ या काळात होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी या चारही जपानी कंपन्यांनी टर्बोच्या गाड्या विकून बघितल्या. होंडाची सीएक्स ५०० टर्बो दोन सिलिंडरची, ४९७ सीसी. तिच्यासाठी वेगळा छोटा टर्बो आणि कॉम्प्युटरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन बनवावं लागलं, कॉम्प्रेशनही बरंच उतरवावं लागलं. काही वर्षांत चौघांनीही दुकान आवरलं, कारण तेवढीच ताकद मोठ्या साध्या इंजिनातून स्वस्तात मिळत होती. वर तोच हिशोब, फक्त शून्यं जास्त. २०१५ मध्ये कावासाकीनं निंजा एच-टू आणली. ९९८ सीसी, चार सिलिंडर, धूर नाही तर क्रँकवरून फिरणारा सुपरचार्जर, आणि त्याच्या पंख्यासाठी कंपनीच्या विमान आणि गॅस टर्बाईन विभागातले लोक बसले होते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये होंडानं मिलानच्या प्रदर्शनात विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचं तीन सिलिंडरचं इंजिन दाखवलं. आणि आपल्या मापाचं म्हणाल तर प्यूजो या फ्रेंच कंपनीनं २००० नंतरच्या दशकात १२५ सीसीची सुपरचार्जरवाली स्कूटर चक्क विकली, वीस हॉर्सपॉवरच्या आसपासची. म्हणजे अशक्य नाही. पण तिथं फ्युएल इंजेक्शन होतं, पाण्यानं थंड होणारं इंजिन होतं, आणि त्याच इंजिनासाठी जुळवलेला कॉम्प्रेसर होता.

टर्बो आणि एक सिलिंडर या चाचांच्या प्रश्नाला मात्र यातल्या कुणी हात घातला नव्हता. त्याचं उत्तर मला नोकरी लागल्यावर, एका रविवारी कंटाळा आला म्हणून शोधताना सापडलं. अमेरिकेत एमआयटीमध्ये मायकेल बकमन आणि अ‍ॅमॉस विंटर यांनी २०१४ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. त्याची सुरुवात, तुम्हाला पटणार नाही, चाचांच्याच वाक्यानं होते: टर्बोला जोर मिळतो धूर सोडताना, हवा लागते श्वास घेताना, या दोन वेळा जुळत नाहीत म्हणून एका सिलिंडरला टर्बो लावत नाहीत. त्यांचा उपाय म्हणजे टर्बो आणि व्हॉल्व यांच्या मधे हवेची टाकी. तवर ती हवा थांबणार कुठं, तर तिथं. टाकी केवढी पाहिजे? इंजिनाच्या चार ते पाचपट. तोटा काय? एक लिटरच्या इंजिनात रेस दिल्यावर दाब चढायला साधारण दोन सेकंद लागतात. त्यांनीच लिहिलंय की हे ट्रॅक्टरला, जनरेटरला चालेल, जिथं इंजिन एका लयीत चालतं. मोटरसायकलवाल्याला ट्रकला ओव्हरटेक करताना दोन सेकंद थांबायला सांगता येत नाही.

ते वाचताना मला आमची लॅब आठवली आणि फार राग आला. आमच्या कॉलेजच्या आयसी इंजिन लॅबमध्ये, मेकॅनिकलच्या बहुतेक लॅबमध्ये असतं तसं, एका सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. पाण्यानं थंड होणारं, ठरावीक १५०० आरपीएमवर चालणारं, रोप ब्रेक लावलेलं, तापमान मोजायच्या तारा जागच्या जागी. डिझेल, म्हणजे कार्बोरेटरची भानगड नाही आणि पेट्रोलसारखी ठकठक नाही. एक लय, म्हणजे दोन सेकंदांचं दुखणं नाही. मराठवाड्यातल्या विहिरींवर ज्या जातीची इंजिनं आमच्या आज्याच्या पिढीनं चालवली त्याच जातीचं. एमआयटीच्या माणसांनी अशा इंजिनांचा विचार केला, टाटा ट्रस्ट्सच्या पैशावर चालणाऱ्या तिथल्या टाटा सेंटरच्या आधारानं, भारतातल्या शेतकऱ्यांचा उल्लेख करत. आणि ते इंजिन आमच्यापासून दहा फुटांवर उभं होतं. आम्ही त्याला सेमिस्टरला दोनदा हात लावायचो, प्रॅक्टिकलच्या फाईलसाठी, आणि तेव्हाही रीडिंग सीनिअरच्या फाईलमधून उतरवायचो.

मी असं म्हणत नाही की तिथं आम्ही जग जिंकलं असतं. स्विफ्टचा टर्बो त्या इंजिनालाही मोठाच पडला असता. कदाचित तिथंही लाल पाणी उलटंच सरकलं असतं. पण ते किती सरकलं हे तरी खरं लिहिता आलं असतं.

इथं लोक दोन-तीन आक्षेप घेतात. एक, ‘पोरं निदान हात काळे करतात, वेल्डिंग शिकतात, आकडे खोटे असले म्हणून काय बिघडलं?’ बिघडतं असं की हात काळे करून जे कळलं तेच रिपोर्टमधून पुसायला लावतात. चौदा रीडिंग कमी पडतात म्हणून नव्हे, ती खाली जातात म्हणून. मी आता ज्या कामात आहे तिथं टेस्ट फेल झाली की लोक खूष होतात, कारण ग्राहकाच्या हातात जायच्या आधी सापडली. फेल झालेली टेस्ट पास दाखवली तर नोकरी जाते. मला हे कंपनीत पहिल्या महिन्यात शिकवावं लागलं, कारण चार वर्षं मी नेमकं उलटं शिकून आलो होतो. दोन, ‘कॉलेजला साधनं नाहीत, पगार नाहीत, तुम्ही पुण्यात बसून बोलताय.’ बरोबर आहे, साधनं नव्हती. पण खरं लिहायला पैसे लागत नाहीत. शाईचं पाणी आणि नळी आम्हाला चाळीस रुपयांत पडली, आणि अठराशे रुपये खोटं छापायला आम्ही हसत मोजले.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो मला मान्य आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या गाडीत नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. आमचा प्रोजेक्ट चालू होता त्याच वेळी, जानेवारी २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आम्ही एमएच २५ ची नंबरप्लेट लावून निळा धूर सोडत गावातून फिरलो तो गुन्हाच होता. आणि कायदा उगीच नाही. त्या गाडीचा पुढचा ब्रेक १३० मिलिमीटरचा ड्रम आहे, तो आठ हॉर्सपॉवरच्या हिशोबानं दिलेला. ताकद वाढवणाऱ्या कुठल्याही रीलमध्ये ब्रेक वाढवलेला मी बघितला नाही. म्हणूनच तर हे काम रस्त्यावर नको, लॅबमध्ये पाहिजे, जमिनीत बोल्ट मारून बसवलेल्या इंजिनावर. आणि तिथं चाचांसारख्या माणसाला बाहेरचा मार्गदर्शक म्हणून बोलवा, चहापाण्यापुरतं नाही, रिपोर्टवर नाव घालून. आमच्या रिपोर्टच्या ऋणनिर्देशात प्राचार्य, विभागप्रमुख, ग्रंथपाल, आईवडील सगळे आहेत. चाचा नाहीत. ते मी टाईप केलं होतं, म्हणजे ही चूक कॉलेजची नाही, माझी.

त्या पोराला मी एक्सेल पाठवली नाही. चाचांच्या वहीतल्या पानाचा फोटो माझ्याकडं होता, तो पाठवला. थोड्या वेळानं उत्तर आलं, ‘दादा, हे तर खाली जातंय. सरांना वर जाणारा ग्राफ पाहिजे.’

मग मी त्याला बराच मोठा मेसेज लिहिला. तुमच्या लॅबमधलं डिझेल इंजिन साधारण ६६० सीसीचं असेल, म्हणजे हवेची टाकी तीन लिटरची. आधी टर्बो न लावता आठवडाभर नुसतं मोज. कुठल्या रिपोर्टमधून उतरवू नकोस. चाचांचा पत्ता देतो. दोन दिवस काही आलं नाही. मला वाटलं, त्यानं दुसऱ्या कुणाकडून तरी फाईल मिळवली असेल.

परवा रात्री पुन्हा मेसेज. ‘दादा, तीन लिटरचा प्रेशर कुकर चालेल का? घरात जुना पडलाय.’

मी जरा हिशोब केला. कुकरची शिट्टी साधारण एक बारला उडते, आपल्याला अर्धा बारसुद्धा मिळायचा नाही.

‘चालेल,’ मी लिहिलं. ‘पण स्टीलचा बघ. अ‍ॅल्युमिनियमला अर्गन वेल्डिंग लागतं, ते चाचांकडं नाही.’